रानडे रोडवरची जुनी दुकानं नक्की कुणी टिकवली? दादर पश्चिमचं एक प्रकरण

दादर पश्चिमचा विषय निघाला की लोकांचे लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो दादर पहिल्यासारखं राहिलं नाही हो, जिकडे बघावं तिकडे मोबाईलची कव्हरं आणि सेलमधले कुर्ते. दुसरा म्हणतो काय बदललंय सांगा बरं, मामा काणेंचं उपाहारगृह आहे, छबिलदासच्या गल्लीतला वडा आहे, शिवाजी मंदिर नाट्यगृहात तिसरी घंटा होतेय, उगीच गळे काढू नका. मला वाटतं दोन्ही गट दुकानांच्या पाट्या वाचत बसलेत आणि पाटीच्या वरची इमारत कुणी बघतच नाहीये. रस्त्याचा स्वभाव दुकान किती जुनं यावर कमी ठरतो आणि त्या गाळ्याचं भाडं काय नि दर्शनी बाजू किती फूट यावर जास्त. रानडे रोड आणि त्याच्या आजूबाजूचा पट्टा, म्हणजे स्टेशनातून बाहेर पडून शिवाजी पार्कपर्यंतचा, हे त्याचं चांगलं उदाहरण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हा भाग कसा उभा राहिला ते. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, दाट वस्तीत माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, आणि मग १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहर उत्तरेला पसरवायचं म्हणून दादर-माटुंगा-वडाळा-शीव या पट्ट्यात आखीव रस्ते आणि प्लॉट पडायला लागले. दादरच्या पश्चिमेचं मोठं मैदान १९२५ ला महापालिकेने खुलं केलं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं, १९२७ ला ते शिवाजी पार्क झालं. आसपास उभ्या राहिलेल्या इमारती तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या, आणि खाली फूटपाथला चिकटून दुकानांची ओळ. वर राहणारा माणूस जिना उतरला की थेट दुकानासमोर, मध्ये गेट नाही, वॉचमन नाही, गाड्यांचा रॅम्प नाही. आज आपण 'दादरचं वातावरण' म्हणतो त्यातलं अर्धंअधिक या बांधणीतून आलंय आणि ती बांधणी काही कुणी वातावरण वगैरे डोक्यात ठेवून केली नव्हती.

आता दुकानं. मामा काणे १९१० चं, म्हणजे शिवाजी पार्कपेक्षाही जुनं. शिवाजी मंदिर १९६५ चं. छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकं सुरू झाली ती सत्तरच्या दशकात, आणि त्या गल्लीतल्या बटाटावड्याचं नाव आजही नाटकाच्या आठवणीबरोबर निघतं. आस्वाद हे हॉटेल मात्र १९८६ चं. हे ऐकून बरेच लोक चमकतात, कारण सगळ्यांना ते 'पूर्वीपासूनचं' वाटतं. २०१५ ला त्यांच्या मिसळीला फूडी हब चा जगातल्या सर्वात चविष्ट शाकाहारी पदार्थाचा पुरस्कार मिळाला तेव्हा तर बातम्या अशा आल्या की जणू पेशवाईपासून तिथे मिसळ मिळतेय. पण विचार करा, जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर चार वर्षांनी उघडलेलं हे दुकान. आसपासचा गिरणगाव कोसळत असताना आलेलं नवं दुकान तीसेक वर्षांत 'जुनं दादर' झालं. म्हणजे जुनं होणं ही प्रक्रिया अजून चालू आहे, फक्त नव्या दुकानाला तेवढा काळ एका जागी बसू द्यायला पाहिजे.

आणि एका जागी बसायला मिळणार की नाही हे भाडं ठरवतं. इथे खरं प्रकरण सुरू होतं.

मुंबईत १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि प्रमाण भाडं ठरलं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर, किंवा जागा त्यानंतर दिली असेल तर पहिल्यांदा दिली तेव्हाच्या. आणि ते तिथेच गोठलं. पुढे पन्नास वर्षं महागाई कुठल्या कुठे गेली पण गाळ्याचं भाडं जवळपास तेवढंच. यातून पागडी आली, म्हणजे भाडं नाममात्र पण जागेत शिरताना रोख रक्कम द्यायची, आणि भाडेकरूने जागा दुसऱ्याला दिली तर त्यातला वाटा, साधारण एक तृतीयांश, मालकाला जायचा. कायद्याच्या दृष्टीने हे सगळं टेबलाखालचं होतं पण अख्खी मुंबई त्यावर चालत होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या शेवटी म्हटलं की भाडं असं कायमचं गोठवून ठेवणं वाजवी नाही, मग १९९९ चा नवा कायदा झाला, तो ३१ मार्च २००० पासून लागू. त्यात वर्षाला ४ टक्के वाढ मालकाला मिळाली आणि पागडी उघडपणे कायदेशीर झाली. पण ४ टक्के कशावर? त्या चिमुकल्या भाड्यावर. म्हणजे जुना भाडेकरू सुरक्षितच राहिला.

याच कायद्यात एक कलम आहे ज्याची चर्चा फार होत नाही. बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि ज्यांचं भरणा झालेलं भांडवल १ कोटी किंवा जास्त आहे अशा कंपन्या, यांना भाडेनियंत्रणाचं संरक्षणच नाही. म्हणजे एकाच इमारतीत शेजारी शेजारी दोन गाळे, एकात पूजा साहित्याचं दुकान आहे ते आजोबांच्या भाडेपावतीवर, आणि दुसऱ्यात एखादी कंपनी आहे ती बाजारभावाने, लिव्ह अँड लायसन्सवर, तीन किंवा पाच वर्षांच्या करारावर, भाडं ठरल्याप्रमाणे वाढत जाणार. बाहेरून दोन्ही फक्त 'दुकान'. आतून गणित पूर्ण वेगळं.

पहिल्या दुकानदाराला दिवसभरात चार कापूरवड्या, दोन वाती आणि एखादी समई विकून भागतं. तो गिऱ्हाइकाशी बोलू शकतो, सुटे नसले तर उद्या द्या म्हणू शकतो, दुपारी शटर अर्ध खाली ओढून जेवू शकतो. दुसऱ्याला प्रत्येक चौरस फुटातून महिन्याला अमुक विक्री काढायचीच आहे, त्यामुळे तिथे एसी, काच, लाउड म्युझिक आणि दर दोन महिन्यांनी 'फ्लॅट ५० टक्के'. माणसं वाईट आहेत असं नाही, भाडं त्यांना दुसरं काही करू देत नाही. लेस-बटणाचं दुकान, पितळी भांड्यांना कल्हई कुठे मिळेल हे सांगणारा भांडीवाला, घड्याळ दुरुस्तीचा दीड माणसाचा कोपरा, फॉल-पिको करणारी बाई, ही सगळी मंडळी बाजारभावाच्या भाड्यात एक महिनाही टिकणार नाहीत. आपण त्यांना प्रेमाने टिकवलं असं आपल्याला वाटतं. प्रेम असेल, पण मुख्य काम १९४० च्या भाड्याने केलं.

आणि याची किंमत कुणी दिली? इमारत मालकाने, आणि मग इमारतीने. ज्या इमारतीतून महिन्याला शे-दोनशेची पावती फाडायची तिची गळती कोण काढणार. बीमला तडे, बाल्कनीला टेकू, जिन्यात अंधार. दादर जपा म्हणणाऱ्यांनी हा हिशोब पण मांडावा, कारण खालच्या दुकानाचा गोडवा आणि वरच्या कुटुंबाचं गळकं छत ही एकाच भाडेपावतीची दोन टोकं आहेत. मी स्वतः भाडेनियंत्रणाच्या बाजूचा की विरोधातला असं कुणी विचारलं तर सरळ उत्तर देता येत नाही, घरासाठी एक वाटतं दुकानासाठी दुसरं.

दुसरी गोष्ट रुंदीची, आणि माझ्या मते भाड्याइतकीच महत्त्वाची. समजा गाळा दहा फूट रुंद आहे. शंभर फूट चाललात तर दहा दारं, दहा वेगळे वास, दहा जणांचं 'या ताई, या दादा'. आता त्यातले सहा गाळे एकत्र करून तिथे एक बँक किंवा शोरूम आलं, साठ फूट काच आणि एक दार. रात्री नऊला तो साठ फुटांचा तुकडा मेलेला, आणि बँक असेल तर संध्याकाळीच. नवीन दुकान आलं म्हणून रस्ता बदलला असं आपण म्हणतो, खरं तर दारं कमी झाली म्हणून बदलला. हे पटत नसेल तर उलट उदाहरण घ्या. मोबाईल कव्हरवाला, ज्याला सगळे नावं ठेवतात, तो पाच फुटांच्या गाळ्यात बसतो, रात्री साडेनऊपर्यंत दिवा लावून ठेवतो, काच बदलून देतो, येणाऱ्या-जाणाऱ्याशी हुज्जत घालतो. दिसायला नवा, वागायला अस्सल रानडे रोडवाला. उलट एखादं जुनं नावाजलेलं नाव जर पाच गाळे गिळून काचेची भिंत उभी करून बसलं तर ते फूटपाथचं जास्त नुकसान करतं, पाटीवर 'स्थापना' साल कितीही जुनं असो.

दादरचे मॉलसुद्धा बघा ना. नक्षत्र, स्टार मॉल, नावात मॉल आहे पण लोअर परळच्या फिनिक्ससारखं गाडी आत घालून दिवसभर हरवायचं प्रकरण नाही. कारण सोपं आहे, दादरला येणारा बहुतांश माणूस लोकलने येतो आणि चालतो. पश्चिम आणि मध्य रेल्वे दोन्ही इथे भेटतात, डोंबिवलीची बाई आणि बोरीवलीची बाई एकाच साडीच्या दुकानात शेजारी बसून पदर बघतात, हे मुंबईत फार ठिकाणी होत नाही. त्यामुळे रानडे रोड हा एकाच वेळी मोहल्ल्याचा रस्ता आहे आणि अख्ख्या महामुंबईचा बाजार पण. आणि या दोन कामांत सतत कुस्ती चालू असते. शिवाजी पार्कात राहणाऱ्याला दूध, कोथिंबीर, औषध आणि चप्पल शिवणारा हवा. बाहेरून येणाऱ्याला लग्नाचा बस्ता, सोनं, पैठणी. दुसरं गिऱ्हाईक एका खेपेत जे देतं ते पहिलं वर्षभरात देत नाही, त्यामुळे गाळा रिकामा झाला की तो जवळजवळ नेहमी दुसऱ्यासाठीच भरतो. किराण्याचं दुकान बंद होऊन तिथे एथनिक वेअर येतं. एथनिक वेअर बंद होऊन किराणा आलेला मी तरी बघितला नाही.

फेरीवाल्यांना सोडून हे प्रकरण पूर्णच होत नाही. राखी, मग गणपतीची मखरं, मग आकाशकंदील आणि रांगोळी, मार्गशीर्षात गुरुवारच्या घटाची पानं-फुलं, जानेवारीत हलव्याचे दागिने, वटपौर्णिमेला फणसाचे गरे. दुकानदाराला माल बदलायला सीझन लागतो, फूटपाथवाला तो एका रात्रीत बदलतो. रस्त्याला कॅलेंडर त्याच्यामुळे आहे. आणि तरीही चालता येत नाही हे पण तितकंच खरं, म्हातारी माणसं गर्दीच्या दिवसांत रानडे रोड टाळतात. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली, त्यानंतर १ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत असं सांगितलं. स्टेशनचं तोंड मोकळं झालं, कधी थोडे दिवस, कधी थोडे तास. २०१४ चा फेरीवाल्यांचा केंद्राचा कायदा म्हणतो की सर्वेक्षण करा, जागा ठरवून द्या, प्रमाणपत्र द्या. ते नीट झालं असतं तर निम्मं भांडण मिटलं असतं. दुकानदार म्हणतात आमचं शोकेस झाकलं जातं, आणि ते झाकलं जातंच, पण फूटपाथवरच्या गर्दीतूनच गिऱ्हाईक आत वळतं हे त्यांनाही माहीत असतं, खासगीत कबूल करतात.

पाट्यांचं पण थोडं. २०२२ ला राज्याने कायदा बदलून सगळ्या दुकानांना, छोट्यांनासुद्धा, मराठी देवनागरी पाटी सक्तीची केली, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, आणि नोव्हेंबरात मुंबईभर पाट्या बदलल्या. चांगलंच झालं, मला आवडलं. पण दादरला त्याने फारसा फरक पडला असं वाटत नाही, इथे बहुतेक पाट्या आधीपासून मराठीतच होत्या आणि रस्त्याचं मराठीपण काउंटरमागच्या आवाजात होतं. सहाशेला सांगितलेली साडी साडेपाचशेला मागणारी बाई आणि 'ताई, भाव पाटीवर लिहिलाय, वाचा की' म्हणणारा दुकानदार. हे कायद्याने आणता येत नाही आणि गेलं तर कुठल्याही पाटीने परत येत नाही.

मग आली मेट्रो. भुयारी मेट्रो ३ चं दादर स्टेशन गोखले रोडखाली, त्यासाठी कितीतरी वर्षं पत्रे लावलेले होते. ज्या दुकानांच्या दारात पत्रा आला त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. त्यातच मार्च २०२० चा लॉकडाऊन, जूनमध्ये दुकानं उघडली ती पण एक दिवस रस्त्याची ही बाजू आणि एक दिवस ती. या काळात कोण टिकलं ते बघण्यासारखं होतं. ज्यांना भाडं नव्हतंच म्हणावं असं, ते शटर खाली करून बसले आणि नंतर परत आले. बाजारभावाचं भाडं भरणारे नवे लोक आधी गेले. म्हणजे एरवी ज्या जुन्या पागडीला आपण शहराच्या विकासातली गाठ म्हणतो तिने संकटात रस्त्याला उशी दिली. मे २०२५ ला दादरचं मेट्रो स्टेशन सुरू झालं, ऑक्टोबरपासून लाईन कफ परेडपर्यंत गेली, पत्रे निघाले, रस्ता परत रुंद झाला. आणि नेमकं आता त्या पट्ट्यातल्या प्रत्येक जुन्या इमारतीकडे बिल्डरचं लक्ष गेलंय, जे साहजिक आहे.

तसं लक्ष जाणं नवीन नाही. २००५ मध्ये शिवसेना भवनासमोरच्या कोहिनूर मिलच्या जमिनीला लिलावात ४२१ कोटी मिळाले तेव्हाच कळलं होतं की इथल्या जमिनीचा भाव काय आहे. आज तिथे टॉवर आहे. पण मिल ही एक मोठी जागा होती, भिंतीच्या आतली, ती गेल्याने दुकानांची ओळ तुटली नाही. आता होणारं रिडेव्हलपमेंट वेगळं आहे, ते ओळीतलीच इमारत उचलतं.

सप्टेंबर १९६९ च्या आधीची उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी, इमारत असेल तर विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली वाढीव एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी, मिळतो, भाडेकरूला घर मालकीचं मिळतं, दुकानदाराला त्याच्या ताब्यात होतं तेवढ्या क्षेत्राचं दुकान मिळतं. कागदावर कुणाचं काही गेलं नाही. प्रत्यक्षात काय होतं? नव्या इमारतीला गेट लागतं, फायर इंजिनला वळायला जागा लागते, पोडियम पार्किंगचा रॅम्प लागतो, आणि हे सगळं तळमजल्याच्या तोंडावरच येतं. उरलेल्या दर्शनी भागात बिल्डरला मोठं शोरूम विकायचं असतं कारण पैसा तिथे आहे. मग दीडशे चौरस फुटांच्या दुकानदाराला दीडशे चौरस फूटच मिळतात, पण पूर्वी दहा फूट रुंद पंधरा फूट खोल होते ते आता सात फूट रुंद साडेएकवीस खोल, किंवा बाजूच्या गल्लीत, किंवा पहिल्या मजल्यावर. क्षेत्रफळ जुळलं, धंदा संपला. वर राहणारे पण आता लिफ्टने थेट गाडीपाशी उतरतात आणि कोथिंबीर दहा मिनिटांत स्कूटरवरून दारात येते, अशा गोडाऊनमधून जिथे गिऱ्हाइकाला आत पाऊलही टाकता येत नाही. म्हणजे दुकानाचं तोंड गेलं आणि जिना उतरून येणारं गिऱ्हाईकही गेलं, दोन्ही एकदम.

आणि इमारतीच्या मीटिंगमध्ये हे बोलणार कोण. तीस बिऱ्हाडं असतील तर दुकानं पाच-सहा. बिऱ्हाडांना कार्पेट एरिया, म्हणजे घरातली वापरायची जागा, वाढवून हवा, त्यांचं चूक नाही, चाळीस वर्षं दोन खोल्यांत काढलीत. दुकानदार गप्प बसतो किंवा रोख घेऊन बाहेर पडतो, विशेषतः मुलगा आयटीत असेल तर. अनेक जुनी दुकानं अशीच गेली, कुणी हाकललं नाही, पुढे चालवणारं कुणी नव्हतं आणि गाळ्याची किंमत धंद्याच्या शंभर वर्षांच्या नफ्यापेक्षा जास्त होती. त्याला दोष देणारे आपण कोण.

पण जे राहू इच्छितात त्यांनी करारात दोन गोष्टी लिहून घ्यायला हव्यात असं माझं मत आहे, आणि वकील बहुतेक वेळा फक्त चौरस फूट बघतात म्हणून मुद्दाम लिहितोय. एक म्हणजे दर्शनी रुंदी फुटात, नकाशावर, फूटपाथच्या पातळीला, मध्ये पायऱ्या किंवा पार्किंग नको. दुसरं म्हणजे बांधकामाच्या काळातली पर्यायी जागा. घराला ट्रान्झिट भाडं रोख मिळालं की चालतं, माणूस ठाण्याला जाऊन राहतो आणि परत येतो. दुकानाला नाही चालत. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडून वाती-कापूर घ्यायला लागलं की चार-पाच वर्षांनी ताबा मिळाला तरी ते परत येईलच असं नाही, आणि नव्या मालकी गाळ्याचा मेंटेनन्स मात्र पहिल्या महिन्यापासून भरायचा असतो. त्यामुळे रोख कमी घेऊन त्याच रस्त्यावर, भले सहा फुटांचा का असेना, एखादा गाळा बिल्डरकडून मागून घ्या.